भिस्ती गल्लीचा डबा

१

डबा हाताला चटकला.

रोहिणीनं पदराची घडी करून पुन्हा दिवळीत हात घातला आणि डबा बाहेर ओढला. भिस्ती गल्लीच्या तोंडाशी जुन्या वेशीची एकच भिंत उभी राहिलेली होती. तिच्यातली ही दिवळी पश्चिमेला तोंड करून होती. दुपार कलली तरी ऊन उतरलं नव्हतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारं लावलेली, दारांपुढं टँकरची वाट पाहणाऱ्या रिकाम्या घागरी. गल्लीच्या टोकाला तिच्या आत्येभावाच्या, श्रीशैलच्या, प्लॉटवर वाळूचा मोठा ढीग होता. त्याच्या डोक्याला खळगा पडला होता, कुत्रं बसून उठून गेल्यासारखा.

झाकण उघडलं तसा उग्र वास आला. त्यात नवल नव्हतं. डबा मुळात वाचनालयातला, डांबरगोळ्यांचा. आत एक काचेची गोटी होती, मोरपीस होतं, परदेशी तिकीट, पितळी घुंगरू. वर एक कागदाची पुडी, उघडी आणि रिकामी. ती बाजूला केली आणि रोहिणीचे हात थांबले.

पुडीखाली घडी घालून ठेवलेला चष्मा होता. डाव्या काडीला तांब्याची तार गुंडाळलेली. तार तिनंच गुंडाळून दिली होती.

तिचे वडील अण्णाराव सकाळी या डब्यासह घरातून गेले होते, ते जेवायला आले नव्हते. चष्म्याशिवाय त्यांना समोरच्या ओट्यावर माणूस बसलाय की गाठोडं ठेवलंय हे कळत नसे.

"अप्पा," ती हळूच म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली. भिंतीनं आवाज परत केला.

तिनं झाकण लावायला घेतलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरं काहीतरी धरलं होतं, भिंतीला मीठ फुटतं तसं बारीक, चकचकीत. त्याकडे पाहायला तेव्हा तिला सवड नव्हती. चष्मा बाहेर काढण्याचंही धैर्य झालं नाही. गरम डबा पोटाशी धरून ती उन्हातून पळत सुटली.

२

सावरपेठ हे नेकनूर आणि चौसाळा यांच्या मधल्या माळावरचं बाजाराचं गाव. किल्लारीच्या भूकंपानंतरचा तो दुसरा उन्हाळा होता. भूकंपानं इथं माणूस दगावलं नव्हतं, पण भिंती तडकल्या होत्या, आणि तडकलेलं पाडून नवं बांधायची घाई साऱ्या गावाला झाली होती. जिथं तिथं एसटीडीची पिवळी खोकी, कॉम्प्लेक्सच्या पाट्या. अण्णारावांनी सारी नोकरी मोजणी खात्यात साखळी ओढत काढली होती. जुन्या गल्ल्या पुसल्या जाताना त्यांना पाहवेना. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी हा खेळ काढला. दर सोमवारी एका गल्लीत डबा लपवायचा आणि त्या गल्लीच्या नावामागची गोष्ट कोड्यात घालून वाचनालयाच्या फळ्यावर लिहायची. ज्याला नावाचा उगम कळला, त्याला डबा सापडला. बघता बघता गावाला नाद लागला. दुकानदार दुकानं नोकरांवर टाकून कासारवाडा, हत्तीखाना, चावडीमाग धुंडाळू लागले.

डब्याला दोनच नियम होते. अण्णारावांनी ते झाकणावर रंगवले होते: 'काढाल ते भरा. उसनं न्याल तर ज्यावाचून अडेल ते तारण ठेवा.' पहिला नियम गावाच्या अंगवळणी पडला होता. डब्यातून काही घेतलं की हात आपसूक खिशात जायचा आणि बटन, खिळा, सुपारी, सापडेल ते आत पडायचं. रिता हात घेऊन कुणी जात नसे. पोरंसुद्धा एकमेकांना टोकत, "भर की बे!"

त्या सोमवारचं कोडं असं होतं: 'आम्ही गावाला पाणी पाजलं. आमच्या दारात विहीर नव्हती. आम्ही कोण, आणि असं कसं?'

"कातड्याच्या पखालीतून पाणी वाहायचे ते भिस्ती, म्हणून भिस्ती गल्ली. एवढंच मला सुटलं," रोहिणी आईला, शिवगंगाबाईंना, सांगत होती. "आणि डब्यात हे."

शिवगंगाबाईंनी डब्यात पाहिलं आणि भिंतीला टेकून त्या खाली बसल्या.  मग एकदम म्हणाल्या, "काल बाजारात त्या टँकरवाल्या इठ्ठलरावानं धमकी दिलती गं. सगळ्यांदेखत."

दाराशी मोटारसायकल थांबली. श्रीशैल घाईनं आत आला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, घामानं ओघळलेले. "मामाचा पत्ता लागला का? मी आत्ता आलो माजलगावहून, सिमेंटसाठी सकाळीच गेलतो. चौकात कळलं." त्याची नजर डब्यात गेली, तसा तो दचकला. "चष्मा? मामी, आता वेळ घालवू नका. हे त्या इठ्ठलरावाचंच काम हाय."

तो अण्णारावांच्या धाकट्या बहिणीचा, मनकर्णाचा, एकुलता मुलगा. खेळात सगळ्यात हुशार. अण्णाराव कौतुकानं म्हणायचे, पोरगं डब्याचा वास काढतं. त्यानं पोलीस ठाण्यातून जमादार शहादेव यांना बोलावून आणलं. जमादारांनी चहा घेतला आणि ते म्हणाले, "म्हातारं माणूस हाय, येतील. रात्रीपतूर आले न्हाई तर बघू."

"रात्रीपर्यंत ते राहिले नाहीत तर?" रोहिणी म्हणाली.

जमादारांनी कप खाली ठेवला आणि टोपी उचलली.

रोहिणी हायस्कूलला विज्ञान शिकवायची. जे काल डब्यात होतं आणि आता नाही, ते तिनं मनाशी मांडलं. अप्पांनी काल संध्याकाळी तिच्यासमोर डबा भरला होता. दोन वस्तू कमी होत्या. एक, पेनाएवढी छोटी बॅटरी, या आठवड्याचं बक्षीस. दुसरी, खापरी नळाचा तुकडा. श्रीशैलच्या प्लॉटवर पाया खणताना निघालेल्या मातीत तो अप्पांना मिळाला होता. त्यावर निजामाच्या काळातला सरकारी शिक्का होता. "गावानं पाणी आणलं होतं इथवर," अप्पा म्हणाले होते. "हे आधी गावाला दिसू दे, मग मी कचेरीत ठेवीन."

दोन वस्तू गेल्या, आणि बदल्यात आला तो फक्त चष्मा; रिकामी पुडी काही भरल्यात धरता येत नव्हती. म्हणजे कुणीतरी नियम मोडला होता.

३

विठ्ठलरावांच्या आवारात तीन टँकर उभे होते. फाटकाशी खाटा टाकून माणसं पत्ते खेळत होती. रोहिणी जवळ आली तसे पत्ते थांबले. कुणी उठलं नाही. तिला आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येत होता. श्रीशैल म्हणाला होता, "तू नको जाऊ ताई, मी बघतो." तरी ती आली होती आणि आता पस्तावत होती.

विठ्ठलराव पंख्याखाली बसून थंड बाटली पीत होते. "या मास्तरीणबाई. बसा. बा हरवला म्हणं तुमचा."

"काल तुम्ही त्यांना म्हणालात, पुन्हा आडवा आलास तर चष्मा फोडीन."

"म्हणलो. लई जणांना म्हणतो. फोडले किती?" दारातली माणसं हसली. "भिस्ती गल्लीला माझ्या बापाचं नाव द्यायचं ठरलंय. कोण होते भिस्ती? माझ्या बापानं गावात शाळा आणली. तर हा म्हणतो, नाव पुसू नका, नावाखाली पानी हाय."

"नावाखाली?"

"तसंच म्हणला. गल्लीच्या पोटात पानी हाय म्हणला. मी म्हणलं, दाखव. दाखवलंस तर भर चौकात माझे टँकर बंद करतो आन नावाचंही सोडून देतो. न्हाई दाखवलंस तर गप घरी बस." त्यांनी बाटली खाली ठेवली आणि तिच्याकडं रोखून पाहिलं. "चष्मा फुटलाय का त्याचा?"

"नाही. डब्यात आहे."

"कसला डबा बे?" त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं. तो कानाशी वाकून काहीतरी बोलला. "हां, त्यो लेकरांचा खेळ. मला कशाला ठावं असंल कुठं ठेवतेत डबा?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, उन्हाचं एकलं फिरू नका. गाव पहिल्यासारखं ऱ्हायलं न्हाई."

ही काळजी होती की ताकीद, हे तिला ठरवता आलं नाही. फाटक ओलांडेपर्यंत तिनं मागं वळून पाहिलं नाही.

४

वाचनालयात उत्तरेश्वर ग्रंथपाल एकटेच होते. डबा पाहताच ते उठून उभे राहिले. "बाई, हा इथं कशाला आणला?"

"तुमचाच आहे ना? डांबरगोळ्यांचा."

"होता. अण्णारावसर मागून घेऊन गेले."  अण्णारावांचं गल्ल्यांच्या नावांचं पुस्तक छापायचं चाललं होतं, आणि अर्ध्या गोष्टी म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गोळा करूनही त्यावर आपलं नाव नाही, हे उत्तरेश्वरांचं दुखणं सगळ्यांना माहीत होतं. "तुम्हाला वाटतंय मी काही केलं. माझं भांडण होतं, पण ते कागदावरचं हो."

"आज सकाळी कोडं कुणी कुणी वाचलं?"

"सरांनी लिहिलं तेव्हा मी होतो. मग श्रीशैलशेठ आले. गाडीवरून उतरलेसुदिक न्हाईत, वाचून हसले, 'आज माजलगावला चाललो, तुमीच काढा डबा' म्हणले. बाकी उन्हाचं कोण येतंय?"

"तुम्ही काढला?"

"नाही! मला 'असं कसं' हे सुटलंच नाही. विहीर नव्हती तर भिस्ती पाणी भरायचे कुठून?"

रोहिणीनं कमी झालेल्या वस्तूंबद्दल सांगितलं. उत्तरेश्वरांनी मान हलवली. "मग खेळणाऱ्यानं न्हाई नेलं. आपल्यातला असता तर काहीतरी भरलं असतं. हात थांबतच न्हाई, बाई. मी एकदा स्वप्नात डबा काढलतो, तर स्वप्नातसुद्धा खिसा चाचपला."

हे खरं होतं. म्हणजे ज्यानं खापरी नेली, तो खेळाबाहेरचा. म्हणजे पुन्हा विठ्ठलराव, ते फाटक, ती गप्प माणसं.  पण मग खेळाबाहेरच्या माणसाला डबा सापडला कसा? आणि चष्मा मोडका का नव्हता? झटापटीत पडलेला चष्मा कुणी नीट घडी घालून ठेवत नाही.

५

घरी आई नव्हती. ती मनकर्णाआत्याकडे निरोप द्यायला गेली होती. रोहिणीनं कडी न लावताच डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उजेडात धरलं.

पांढरे कण आता नीट दिसले. मीठ नव्हतं, बुरशी नव्हती. सुईसारखे स्फटिक होते. डब्याचं बूड दुपारभर उन्हात तापलं होतं आणि झाकणाची बाजू आत, थंड दगडाला टेकली होती. आत काहीतरी होतं, ते तापून हवेत उडालं आणि थंड पत्र्यावर पुन्हा जमलं. दरवर्षी ती आठवीच्या वर्गाला हे करून दाखवायची. पुस्तकात त्याला संप्लवन म्हणतात.

आणि ती रिकामी पुडी. ती रिकामी ठेवलेली नव्हती. रिकामी झाली होती.

म्हणजे कुणीतरी डबा भरला होता.

पण काय भरलं होतं? डांबरगोळीही अशीच उडते, आणि ती तर उत्तरेश्वरांच्या टेबलाच्या खणात असते. वासावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. डब्यालाच तो जुना वास होता. रोहिणीनं एक पेला राखेनं घासला, पुन्हा पुन्हा विसळला आणि त्यात पाणी घेतलं. सुरीच्या टोकानं झाकणावरचं खरवडून थोडं अत्तराच्या बाटलीत घातलं, बूच घट्ट बसवलं आणि बाटली कमरेला खोचली. उरलेले दोन कण तिनं पाण्यावर सोडले. डांबरगोळीचे असते तर ते गुमान पडून राहिले असते.

कण थरथरले. मग गरगर फिरत, इकडून तिकडे पळत पाण्यावर नाचू लागले.

कापूर.

सोमवार. महादेवाच्या देवळातून उरलेल्या कापराची पुडी खिशात घालून येणारा, कपाळावर पट्टे ओढलेला माणूस. हात थांबत नाही, बाई.

 टेबलाची कड धरून ती उभी राहिली, आणि बाकीचं आपोआप उलगडत गेलं. पुडी चष्म्याच्या वर होती, म्हणजे चष्मा आधी आला होता. तो कुणी काढून घेतला नव्हता. अप्पांनी स्वतःच ठेवला होता, तारण म्हणून. वाकलं की तो नाकावरून पडायचा, आणि जवळचं त्यांना त्याच्यावाचून छान दिसायचं. त्यांनी बॅटरी उसनी नेली होती. घरी यायला वेळ लागला असता, डबा हाताशी होता. म्हणजे ते जवळच, कुठंतरी अंधारात उतरले होते आणि लगेच परतणार होते.

दारात विहीर नाही, तरी भिस्ती तिथंच राहायचे. पाण्यानं भरलेली पखाल घेऊन कुणी हौसेनं लांब चालत नाही. पाणी पायाखाली होतं. जमिनीच्या पोटात हौद होता, खापरी नळानं भरणारा, सरकारी. आणि ज्या प्लॉटच्या मातीत खापरी निघाली, तिथं आज वाळूचा ढीग होता.

वाळू ओतली की टोक येतं. खळगा पडत नाही. खळगा पडतो तो खालून वाळू गळत असेल तर. नदीची ओली वाळू गळत नाही. उन्हानं वाळत गेली, तशी ती गळू लागली असणार. कुणाच्या तरी डोक्यावर.

"ताई, काय करायलीस?"

श्रीशैल दारात उभा होता.

पेल्यात कण अजून नाचत होते. रोज देवळात जाणाऱ्या माणसाला पाण्यावर नाचणारा कापूर ओळखायला कितीसा वेळ लागणार? रोहिणीनं केस सावरल्यासारखं केलं आणि तेलकट झालेलं बोट पाण्यात बुडवलं. कण जागच्या जागी थिजले.

"अप्पांचा चष्मा धुवायला पाणी घेतलंय," ती म्हणाली. आपला आवाज सरळ कसा आला हे तिलाच कळलं नाही.

तो आत आला. पेल्याकडे त्यानं पाहिलं, मग झाकणाकडे, मग तिच्याकडे. "डबा दे इकडं. ठाण्यात नेऊन देतो. शहादेवला दाखवाया पायजे."

"आई येऊ दे. तिला चष्मा एकदा हातात घ्यायचाय."

"मग बसतो मी." तो खुर्ची ओढून बसला. डबा त्याच्या कोपराशी होता. घरात तिसरं कुणी नव्हतं. "ताई, तू एवढी घामाघूम का झालीस?"

"ऊन किती आहे! बस, गूळ-पाणी आणते."

ती स्वयंपाकघरात गेली. माठावरचं झाकण मुद्दाम वाजवलं. मग चपला हातात घेऊन परसदारानं बाहेर पडली आणि तापलेल्या दगडांवरून अनवाणी पळाली. जावं कुठं? ठाण्यातले चहा पिऊन 'येतील' म्हणतात. एका हाकेसरशी इतकी माणसं आणि फावडी मिळतील असं आवार गावात एकच होतं.

६

"पाणी दाखवते," ती फाटकातूनच ओरडली. पत्ते खेळणारे उठून उभे राहिले. "विठ्ठलराव, तुम्ही पैज मारली होती ना? चला, गल्लीच्या पोटातलं पाणी दाखवते. माझा बाप तिथंच आहे. तुमची माणसं घ्या, फावडी घ्या."

विठ्ठलरावांनी तिचे अनवाणी पाय पाहिले. "आन न्हाई निघालं तर?"

"तर तुमच्या वडिलांच्या नावाची पाटी मी माझ्या हातानं रंगवीन. लवकर चला हो, पाया पडते!"

 मग ते उभ्या माणसांकडं वळले, "बघता काय बे? चला."

प्लॉटवर पोचले तेव्हा खळगा आधीपेक्षा खोल दिसत होता. रोहिणीनं त्यांना वरून चढू दिलं नाही, बाजूनं उपसायला लावलं. फावडी चालू लागली. गल्लीतली दारं उघडली, घागरी ओलांडून माणसं आली. उत्तरेश्वर आले, शहादेव जमादार टोपी हातात घेऊन आले. आणि गर्दी कापत श्रीशैल आला. काखेत तो डबा होता.

"ताई, येडी झालीस का? माझा माल कावून उपसायलेत हे? इठ्ठलराव, ही माझी जागा हाय!"

रोहिणी त्याच्यापासून मागं सरकली. विठ्ठलरावांची पाठ मध्ये येईपर्यंत सरकली. मग बोलू लागली. वर्गात बोलते तशीच एकामागून एक गोष्ट सांगत गेली. चष्मा तारणाचा होता. बॅटरी अप्पांनी नेली. त्यानंतर कुणीतरी आलं, खापरी घेतली आणि पुडी ठेवली. विठ्ठलराव खेळत नाहीत, त्यांना डब्याची जागाही माहीत नाही. ग्रंथपालांच्या खिशातून निघाली असती तर डांबरगोळी. पुडीत कापूर होता. सोमवारी देवळातून येणारे पुष्कळ असतील, पण सकाळी कोडं वाचलेले दोघंच, आणि ती खापरी नाहीशी व्हावी असं ज्याला वाटेल, असा एकच.

"सरकारी हौद निघाला की या जागेवर कॉम्प्लेक्स होत नाही," ती म्हणाली. "श्रीशैल, तू माजलगावला गेलास ते नंतर."

"कापूर? कुठंय कापूर? दाखव की!" त्यानं डबा उघडला. झाकण आतून लख्ख होतं, मघाशीच पुसलेलं.

रोहिणीनं कमरेची बाटली काढून जमादारांच्या हातात दिली. "बूच उघडू नका. उडून जाईल."

तेवढ्यात फावडं दगडावर खणकलं. "फरशी हाय!" कुणीतरी ओरडलं. "सरकवलीय, कडंला फट हाय!"

फावडी थांबली. फटीतून वाळूची बारीक धार आत चालली होती, तिचा सुळसुळ आवाज तेवढा येत होता. रोहिणीनं जमिनीवर आडवं पडून फटीला तोंड लावलं. "अप्पा!"

काही नाही.

"अप्पा!"

खालून, फार लांबून, दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

माणसांनी फरशी उचलली तेव्हा श्रीशैल पळाला नाही. तो खाली उकिडवा बसला होता. "मी हाक मारलती," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "खालून मामा म्हणला, श्रीशैल, पानी लागलं रे! लई आनंदात होता. खापरी डब्यात ठेवलीय, गावाला दाखवू म्हणला. मी फरशी लोटली. तेवढ्यात ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरला ठाऊक न्हाई काही. मी नुसता हात केला, इथं ओत म्हणून."

"आणि डब्यात भरलंस," रोहिणी म्हणाली.

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर खरंच गोंधळ होता. "मग? न भरता कसं काढायचं, ताई?"



७

हौद मोठा होता. वाळू तोंडाखालीच साचली होती आणि अण्णाराव पलीकडच्या पायरीवर, गुडघाभर थंड पाण्यात पाय सोडून बसून राहिले होते. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. विठ्ठलरावांनी स्वतः ओंजळ भरून ते पाणी चाखलं आणि म्हणाले, "गोड हाय." चौकात जाऊन काय बोलायचं ते बोलले की नाही, हे दुसऱ्या दिवशी बंद फाटकाआड उभ्या टँकरांवरून गावाला कळलं.

सकाळी अण्णाराव ओसरीवर खाटेवर बसले होते. पोलिसांनी डबा पाहून परत दिला होता. झाकण आणि बाटली तेवढी ठेवून घेतली होती. रोहिणीनं चष्मा काढायला हात घातला.

"थांब," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. उशाखालून त्यांनी विझलेली बॅटरी काढली. "आधी उसनं परत कर."

तिनं बॅटरी डब्यात ठेवली आणि चष्मा उचलून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तो घेतला, पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

"वरनं हाक आली, तेव्हा मला नुसतं धूसर दिसलं," ते म्हणाले. "आवाज त्याचा होता. उजेडात कुणीतरी उभं हाय एवढंच कळलं. मी हात हलवला, रोहिणी. मला वाटलं, तोही हलवतोय." मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "फाटकाशी कुणी उभं हाय का गं?"

रोहिणीनं पाहिलं. मनकर्णाआत्या उभी होती. डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढलेला, एक हात कडीवर. कडी उघडत नव्हती आणि हात खाली घेत नव्हती. कधीची उभी होती कुणास ठाऊक.

"आत्या आहे."

अण्णारावांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. एक मिटली, मग तांब्याची तार असलेली दुसरी मिटली आणि चष्मा पुन्हा डब्यात, बॅटरीशेजारी ठेवला.

"तिला आत घे," ते म्हणाले. "ती जवळ येऊन बसू दे. जवळचं मला असंच दिसतं."